ज्ञानाला घातलेले कुलूप : लिओ झिलार्ड आणि एका शोधाची कहाणी

गतवर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना दहावीच्या वर्गावर बदली तास घेण्याचा प्रसंग माझ्यावर आला. मी मराठी आणि इतिहास शिकविणारा मनुष्य. अणूच्या पोटात शिरण्याचा माझा अधिकार तो काय? तेव्हा धडा शिकविण्याऐवजी अणुबाँबचा इतिहास सांगावा असे ठरविले आणि तो बऱ्यापैकी रंगलाही. तास संपता संपता मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, हा शोध भयंकर आहे हे ज्याला सगळ्यांच्या आधी समजले, त्याने तो कोणाला सांगितलाच नसता तर?” घंटा झाली म्हणून मी सुटलो. “उद्या सांगतो,” म्हणालो. तो ‘उद्या’ उजाडावयास कित्येक महिने लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला द्यावयाच्या उत्तराची तयारी होय. असे प्रश्न आपणा सर्वच शिक्षकांच्या वाट्याला येतात, म्हणून ती या पृष्ठांवर मांडीत आहे.

ज्ञान दडपण्याचा विषय निघाला की आपल्यासमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. एका बाजूस सत्य सांगणारा एकटा संशोधक आणि दुसऱ्या बाजूस त्याचे तोंड बंद करू पाहणारी सत्ता. १६३३ साली रोम येथे गॅलिलिओवर चाललेला खटला आपण याच चौकटीत शिकवितो. मराठी माणसाच्या मनात तर ही चौकट अधिकच पक्की बसलेली आहे. कारण आपल्या वाङ्‌मयाचा पाया ज्या ग्रंथाने घातला, तो शके १२१२ मधील ग्रंथच मुळी संस्कृताच्या कुलपात असलेले ज्ञान सर्वांस खुले करण्यासाठी अवतरला. त्यामुळे कुलूप उघडणारा तो साधू आणि लावणारा तो अपराधी, असा निवाडा आपण सहज देऊन टाकतो.

लिओ झिलार्ड यांची कहाणी हा निवाडा अवघड करून टाकते. येथे कुलूप लावू पाहणारा कोणी धर्माधिकारी नव्हता. स्वतः शोधकच होता. पुढे तेच कुलूप सत्तेच्या हाती गेले आणि ज्याने ते घडविले त्यालाच तिने आत कोंडले.

१

झिलार्ड यांचा जन्म १८९८ साली बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या हाताखाली त्यांनी पदवी मिळविली. तेथेच आइन्स्टाइन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि दोघांनी मिळून घरगुती शीतपेटीच्या काही नव्या रचनांची पेटंटे घेतली. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. झिलार्ड बांधलेल्या दोन पेट्या खोलीत सदैव तयार ठेवीत असत. मार्चच्या अखेरीस ते आगगाडीने व्हिएन्नाला निघून गेले. त्या दिवशी गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी खचाखच भरली, सरहद्दीवर थांबविण्यात आली आणि ज्यू प्रवाशांची चौकशी सुरू झाली. एका दिवसाच्या अंतराचे महत्त्व त्यांना आयुष्यभर विसरता आले नाही. त्यांच्या पुढील सर्व घाईगर्दीचे मूळ या अनुभवात शोधावे लागते.

त्याच वर्षी सप्टेंबरात ते लंडनमध्ये होते. लॉर्ड रदरफर्ड हे त्या काळचे अणुविज्ञानातील सर्वश्रेष्ठ आचार्य. अणूच्या परिवर्तनातून शक्ती मिळविण्याची भाषा करणारे निव्वळ कल्पनेचे मनोरे रचीत आहेत, अशा अर्थाचे त्यांचे भाषण १२ सप्टेंबर १९३३ च्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. थोर माणसाने ‘हे अशक्य’ म्हटले की झिलार्ड यांना चीड येई. पुढे त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, त्या दिवसांत साउदॅम्प्टन रो या रस्त्यावर वाहनांचा दिवा बदलण्याची वाट पाहत ते उभे होते आणि रस्ता ओलांडता ओलांडता त्यांना कल्पना सुचली.

ती कल्पना आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसालाही समजण्याइतकी सोपी आहे. अणूच्या केंद्रावर धन विद्युत्‌भार असतो, म्हणून धनभार असलेले कण त्यावर सोडले तर ते बहुधा दूर ढकलले जातात. परंतु १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन हा कण शोधून काढला होता आणि त्यावर कोणताच भार नसतो. पहारेकऱ्याने न अडविलेल्या पाहुण्याप्रमाणे तो थेट केंद्रात शिरू शकतो. आता असे एखादे मूलद्रव्य मिळाले, की ज्याचे केंद्र एक न्यूट्रॉन गिळून फुटते आणि फुटताना दोन न्यूट्रॉन बाहेर टाकते, तर काय होईल? एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतोच. दहाव्या पायरीवर ही संख्या हजारावर जाते, विसाव्या पायरीवर दहा लाखांवर. सुमारे ऐंशी पायऱ्यांत एक किलोग्रॅम युरेनियममधील अणूंइतकी संख्या होते आणि या सर्व पायऱ्या चढावयास सेकंदाचा दहा लाखांवा भागही पुरतो. यालाच साखळी प्रक्रिया म्हणतात. तिचा वेग काबूत ठेवला तर वीज मिळते. मोकळा सोडला तर शहर बेचिराख होते.

येथे आपल्या व्यवसायाशी जवळची अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. एच. जी. वेल्स यांनी १९१४ साली ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत अणुशक्तीचा शोध, अणुबाँबचे युद्ध आणि नगरांचा विनाश यांचे वर्णन आहे. झिलार्ड यांनी ती १९३२ साली वाचली होती. म्हणूनच साखळी प्रक्रियेची कल्पना सुचताच तिचा शेवट काय होऊ शकतो, हे त्यांना गणितापूर्वी कथेने सांगून ठेवले होते. ललित वाङ्‌मय वाचून काय मिळते, असे विचारणाऱ्या पालकांना देण्याजोगे हे उदाहरण आहे. मात्र या उदाहरणाने आनंद व्हावा की भय वाटावे, हे मला ठरविता आलेले नाही.

२

१९३४ साली झिलार्ड यांनी या कल्पनेचे पेटंट मागितले. पण पेटंट म्हणजे जाहीर दस्तऐवज. तो गुप्त ठेवावयाचा तर ते सरकारी खात्याच्या स्वाधीन करणे हा एकच मार्ग होता. ब्रिटिश युद्धखात्याने १९३५ साली कळविले की, आपल्यापुरते पाहता ही माहिती गुप्त ठेवण्याचे काही कारण दिसत नाही. अखेर १९३६ साली नौदलखात्याने ते पेटंट स्वीकारून कुलूपबंद केले. झिलार्ड यांनी त्याचा मोबदला मागितला नाही. जो शोध अजून सिद्धच झाला नव्हता आणि ज्यासाठी लागणारे मूलद्रव्यही सापडले नव्हते, तो लपविण्यासाठी एक परागंदा मनुष्य सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता, हे दृश्य त्या काळी हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही.

पुढील काही वर्षे त्यांनी एकामागून एक मूलद्रव्ये तपासली. बेरिलियम गेले, इंडियम गेले. हताश होऊन २१ डिसेंबर १९३८ रोजी त्यांनी नौदलखात्यास लिहिले की, पेटंट चालू ठेवण्याचे आता प्रयोजन उरले नाही. आणि दैवगती पाहा. दुसऱ्याच दिवशी, २२ डिसेंबरला, बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यास बेरियम निर्माण होते, असा निबंध प्रसिद्धीसाठी धाडला. त्याच वर्षी जर्मनीतून निसटून स्वीडनमध्ये आलेल्या लीझ माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी नाताळच्या सुटीत बर्फातून चालता चालता त्याचा अर्थ लावला : युरेनियमचे केंद्र दुभंगते. ही वार्ता नील्स बोर यांनी जानेवारीत अमेरिकेस नेली. तेव्हा अमेरिकेत असलेल्या झिलार्ड यांनी २६ जानेवारी १९३९ रोजी नौदलखात्यास तार केली की, माझ्या मागील पत्राकडे दुर्लक्ष करावे.

आता एकच प्रश्न उरला होता : युरेनियम फुटताना न्यूट्रॉन बाहेर पडतात काय, आणि किती? झिलार्ड यांनी एका मित्राकडून दोन हजार डॉलर उसने घेऊन रेडियम भाड्याने आणविले. मार्च १९३९ च्या आरंभी कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वॉल्टर झिन यांच्यासह त्यांनी यंत्राची कळ दाबली. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके लुकलुकले, म्हणजे न्यूट्रॉन बाहेर पडत होते. त्यांनी काही वेळ ते ठिपके पाहिले, यंत्र बंद केले आणि ते घरी गेले. जग आता दुःखाच्या वाटेला लागले, असे त्या रात्री आपणास वाटल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे.

३

या क्षणी झिलार्ड यांनी विज्ञानाच्या परंपरेत न बसणारी सूचना मांडली : हे निष्कर्ष कोणीही छापू नयेत. २ फेब्रुवारीलाच त्यांनी पॅरिसमधील फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांना पत्र लिहून, असे न्यूट्रॉन आढळल्यास मौन पाळावे लागेल, असे सुचविले होते. त्यांचे कारण उघड होते. विखंडनाचा शोध बर्लिनमध्ये लागला होता. जर्मनीत नामांकित शास्त्रज्ञ अजून पुष्कळ होते. १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि झेक प्रदेशातील युरेनियमच्या खाणी हिटलरच्या ताब्यात होत्या.

विरोधक कोणी दुष्ट नव्हते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. पहिला विरोध एन्रिको फेर्मी यांचा. पत्नी ज्यू असल्यामुळे ते स्वतः फॅसिस्ट इटली सोडून आलेले. पण शोध लागला की तो छापावयाचा, हा शास्त्रज्ञाचा धर्म त्यांना सहजासहजी सोडवत नव्हता. साखळी प्रक्रियेची शक्यता त्यांच्या मते शंभरात दहा. यावर त्यांचे सहकारी रबी यांचा अभिप्राय असा की, ज्यात आपले प्राण जाण्याचा संभव आहे अशा बाबतीत दहा टक्के काही थोडे नव्हेत. फेर्मी यांनी बहुमत मान्य केले आणि निबंध थांबविला.

दुसरा विरोध जोलिओ यांचा. मारी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम मिळविण्याच्या रीतीचे पेटंट घेण्याचे नाकारले होते; ज्ञान सर्वांचे, हा त्या घराण्याचा कुलाचार. जोलिओ त्या घराचे जावई. त्यांच्या गटाचा पहिला निबंध ‘नेचर’ पत्रिकेच्या १८ मार्च १९३९ च्या अंकात आला. त्यानंतर अमेरिकेहून तार गेली, विनंत्या झाल्या. जोलिओ यांनी नकार कळविला. इतर प्रयोगशाळा याच मार्गावर असताना आपण एकट्याने थांबून काय साधणार, हा त्यांचा प्रश्न निरर्थक नव्हता. २२ एप्रिलच्या अंकात त्यांनी आकडाही दिला : दर विखंडनात सरासरी साडेतीन न्यूट्रॉन. खरा आकडा अडीचच्या आसपास आहे. पण साखळीस एकाहून अधिक पुरेत, म्हणून ती चूक येथे गौण होती. फ्रान्समध्ये निबंध छापले गेल्यावर अमेरिकेतील निबंधही एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले. झिलार्ड यांचा पहिला प्रयत्न फसला.

परिणाम काय झाला? त्याच एप्रिल महिन्यात गॉटिंगेनहून शिक्षणखात्यास आणि हांबुर्गहून पाउल हार्टेक यांच्याकडून युद्धखात्यास पत्रे गेली, की युरेनियमपासून अपूर्व स्फोटक होऊ शकेल. २९ एप्रिलला बर्लिनमध्ये पहिली बैठक भरली. इंग्लंडमध्ये जी. पी. थॉमसन यांनी सरकारला सावध केले. अमेरिकेत झिलार्ड यांच्या खटपटीने २ ऑगस्ट १९३९ या तारखेचे आइन्स्टाइन यांचे प्रसिद्ध पत्र राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिले गेले. निबंध छापले गेले नसते तर हे सारे टळले असते काय? टळले नसते, लांबले कदाचित असते. आणि महायुद्ध सप्टेंबरमध्ये सुरू व्हावयाचे असताना काही महिन्यांच्या विलंबालाही किंमत होती. इतिहासातील एक विरोधाभास असा की, युद्ध सुरू झाल्यावर ३० ऑक्टोबर १९३९ रोजी त्याच जोलिओ यांनी साखळी प्रक्रियेवरील आपले टिपण मोहोरबंद लिफाफ्यात घालून फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्वाधीन केले. तो लिफाफा १९४९ साली उघडला गेला.

४

दुसरा प्रयत्न मात्र साधला. साखळी टिकवावयाची तर न्यूट्रॉनचा वेग मंद करणारा पदार्थ लागतो. १९४० साली फेर्मी आणि झिलार्ड यांच्या प्रयोगांत दिसून आले की, अत्यंत शुद्ध ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला कार्बन, हे काम करू शकतो. फेर्मी यांना आकडे छापावयाचे होते. झिलार्ड यांनी हट्ट धरला आणि विद्यापीठातील ज्येष्ठांनी मध्यस्थी केल्यावर ते थांबले. त्याच सुमारास अमेरिकन नियतकालिकांच्या संपादकांनी संमतीने अणुविषयक निबंध रोखून धरण्याची व्यवस्था उभारली. जर्मनीत वाल्टर बोथे यांनी ग्राफाइट तपासले तेव्हा ते न्यूट्रॉन फार शोषते, असा निष्कर्ष निघाला. बोरॉनसारख्या भेसळीमुळे हा घोटाळा झाला असे सामान्यतः मानले जाते. जर्मन संशोधक नॉर्वेहून येणाऱ्या जड पाण्यावर विसंबून राहिले. त्यांच्या अपयशात या चुकीचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु फेर्मींचे आकडे छापले गेले असते तर ती चूक टिकली नसती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

तथापि मौनालाही आवाज असतो. सोव्हिएत रशियात गेओर्गी फ्ल्योरोव्ह हा तरुण पदार्थवैज्ञानिक सैन्यात होता. १९४२ च्या आरंभी व्होरोनेझ येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याने परदेशी नियतकालिके चाळली. आपल्या १९४० सालच्या शोधाची कोणी दखल घेतली आहे का, हे त्याला पाहावयाचे होते. दखल कोणी घेतली नव्हती. इतकेच नव्हे तर या विषयावर लिहिणारी सर्व मोठी नावेच नियतकालिकांतून नाहीशी झाली होती. त्याने ताडले की ही माणसे गुप्त कामावर बसली आहेत, आणि एप्रिल १९४२ मध्ये त्याने स्टालिनला पत्र लिहिले. न छापलेल्या पानांवरून त्याने बातमी वाचली. पुढे हेरांनी उरलेला तपशील पुरविला आणि २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत रशियाने आपला पहिला बाँब उडविला. सारांश, गुप्ततेने वेळ विकत घेता येतो, पण तो कायमचा नव्हे.

५

आता कहाणीचा उत्तरार्ध. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठात, प्रेक्षागाराखालील खेळाच्या दालनात, मानवनिर्मित साखळी प्रक्रिया प्रथम चालू झाली. लोक पांगल्यावर झिलार्ड यांनी फेर्मी यांच्याशी हस्तांदोलन केले आणि मानवजातीच्या इतिहासात हा काळा दिवस ठरेल, असे उद्गार काढले.

एव्हाना गुप्ततेची सूत्रे लष्कराकडे गेली होती. जनरल ग्रोव्ह्‌ज यांनी कामाचे कप्पे पाडले. एका कप्प्यातील शास्त्रज्ञाने दुसऱ्या कप्प्यातील शास्त्रज्ञाशी बोलू नये, असा दंडक घातला. झिलार्ड यांनी त्यास सतत विरोध केला. त्यांचे म्हणणे, शत्रूपासून लपविणे वेगळे आणि सहकाऱ्यांपासून लपविणे वेगळे. १९४२ च्या ऑक्टोबरात ग्रोव्ह्‌ज यांनी त्यांना शत्रुराष्ट्रीय परकी म्हणून स्थानबद्ध करण्याविषयीच्या पत्राचा मसुदाही तयार करविला. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी त्यावर सही केली नाही. मात्र झिलार्ड यांच्या मागावर गुप्त पोलीस फिरत राहिले. गुप्ततेचा पहिला पुरस्कर्ता गुप्ततेचा पहिला संशयित झाला!

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. ज्या भयाने झिलार्ड यांनी हे सर्व आरंभिले होते, ते भय संपले. पण काम थांबले नाही. जूनमध्ये जेम्स फ्रांक यांच्या अध्यक्षतेखालील शास्त्रज्ञांच्या समितीने, पूर्वसूचना न देता जपानवर बाँब टाकू नये, असा अहवाल सादर केला. जुलैमध्ये झिलार्ड यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या नावे एक अर्ज तयार केला. शरणागतीच्या अटी सविस्तर जाहीर केल्यावरही जपानने त्या नाकारल्या, तरच आणि तेव्हाही नैतिक जबाबदारीचा पूर्ण विचार करूनच हे अस्त्र वापरावे, हा त्याचा आशय. १७ जुलै १९४५ ही तारीख असलेल्या त्या अर्जावर ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. आदल्याच दिवशी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला चाचणीस्फोट झाला होता.

तो अर्ज गुप्त होता, म्हणून तो साध्या टपालाने जाऊ शकत नव्हता; लष्करी पायऱ्या चढूनच जावयाचा. तो ग्रोव्ह्‌ज यांच्याकडे पोहोचला आणि काही काळ तेथेच राहिला. १ ऑगस्टला तो स्टिम्सन यांच्या कचेरीत गेला. ट्रूमन पॉट्सडॅमला होते. त्यांनी तो पाहिल्याचा पुरावा नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. त्यानंतर तो अर्ज प्रसिद्ध करण्याची झिलार्ड यांची विनंतीही लष्कराने अमान्य केली. जे रहस्य लपवावयाचे ते दोन शहरांवर उघड झाले होते; आता लपविले जात होते ते सत्तर माणसांचे मत.

माझ्या मते या कहाणीचे मर्म येथे आहे. १९३९ साली लपविले गेले ते निसर्गाविषयीचे एक ज्ञान, आणि लपविणाऱ्यांनी ते स्वतःच्या संमतीने, विशिष्ट शत्रूपासून, विशिष्ट संकट असेपर्यंत लपविले. १९४५ साली लपविला गेला तो राज्यकर्त्यांच्या निर्णयाविषयीचा मतभेद, आणि तोही स्वतःच्या नागरिकांपासून. दोहोंवर शिक्का एकच होता, पण ती एक वस्तू नव्हे. बाँब कसा करावा हे न सांगताही, तो वापरावा की नाही यावर विचार होऊ शकला असता. कुलूप घडविणाऱ्यास वाटते की किल्ली आपल्या कमरेला राहील. ती राहत नाही. ती ज्याच्या हाती शस्त्र असते त्याच्या कमरेला जाते.

६

हा प्रश्न अमेरिकेपुरता राहिला नाही. तेथे १९४६ च्या कायद्याने अणुशक्ती लष्कराकडून नागरी आयोगाकडे आली. त्यासाठी झिलार्ड यांनी मोठी झुंज दिली. परंतु त्याच कायद्याने अणुविषयक माहिती जणू जन्मतःच गुप्त ठरविली. आपल्या देशात १९४८ साली अणुशक्तीचे विधेयक आले तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी त्यातील गुप्तता इंग्लंडमधील तरतुदींहूनही अधिक कडक असल्याचा आक्षेप घेतला होता. शांततेचा आणि युद्धाचा उपयोग वेगळा काढणे कठीण आहे, हे पंडित नेहरूंनी उत्तरात मान्य केले. १९६२ च्या कायद्यातही गुप्ततेचे कलम राहिले. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती होते. अणुशक्तीच्या मार्गाविषयीचे आपले मतभेद त्यांनी उघडपणे मांडले आणि आपल्या उन्हाळी देशाने सूर्यशक्तीकडे वळावे असा आग्रह धरला. ज्या जागतिक शांतता परिषदेचे ते सदस्य होते, तिचे अध्यक्षपद जोलिओ-क्यूरी यांच्याकडे होते, हाही एक बोलका योग.

अलीकडच्या काळातही तोच पेच नव्या रूपाने आला. २०११ साली रॉटरडॅमचे रॉन फुशिए आणि विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका यांच्या गटांनी दाखवून दिले की, पक्ष्यांच्या तापाचा घातक विषाणू थोड्या बदलांनी फेरेट या मुंगुसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत हवेतून पसरू शकतो. अमेरिकन सरकारच्या सल्लागार मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये सांगितले की, निबंध छापा, पण कृतीचा तपशील गाळा. संशोधकांनी काही काळ आपण होऊन काम थांबविले. जागतिक आरोग्य संघटनेत चर्चा झाली. मार्च २०१२ मध्ये मंडळाने सुधारित निबंध पाहून मत बदलले आणि त्या वर्षी दोन्ही निबंध प्रसिद्ध झाले. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद अद्याप मिटलेला नाही. मला मोलाचे वाटते ते हे की, वाद उघड्यावर झाला. काय लपवावे याची चर्चा लपवून झाली नाही.

७

महाभारतातील सौप्तिक पर्वाची कथा आपण सर्वच वर्गात सांगतो. अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनीही अस्त्र सोडले. ऋषींच्या सांगण्यावरून अर्जुनाने आपले परत घेतले. अश्वत्थाम्यास ते साधेना. दोघांनाही मंत्र ठाऊक होता, पण अस्त्र आवरण्याचा अधिकार एकापाशीच होता. द्रोणाचार्यांनी पुत्राच्या हट्टाला बळी पडून मंत्र दिला, हा गुरूचा दोष व्यासांनी लपविलेला नाही. विद्या द्यावी की न द्यावी, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही.

तर मग त्या मुलीला काय सांगावे? मी असे सांगणार आहे. बाळ, त्याने सांगितले नसते तरी दुसऱ्या कोणी सांगितले असते. कारण निसर्गाचे रहस्य हे कोणाच्या घरचे रहस्य नसते, आणि ज्या दिवशी झिलार्ड निराश झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बर्लिनहून तो निबंध निघाला होता. तरीही त्याने गप्प राहण्याचा केलेला यत्न व्यर्थ नव्हता. कारण कधी कधी काही महिने उशीर होणे हेच मोठे यश असते. पण कोणी तुला म्हणाले, ‘हे धोक्याचे आहे, म्हणून सांगू नका,’ तर तू तीन गोष्टी विचार : कोणापासून लपवावयाचे? किती दिवस? आणि लपविण्याचा निर्णय चुकला तर तसे बोलण्याची मुभा कोणास राहील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर ते कुलूप ज्ञानाला नसून तुझ्या तोंडाला आहे असे समज.

झिलार्ड यांनी युद्धानंतर अणुविज्ञान सोडून जीवशास्त्राची कास धरली. शस्त्रस्पर्धा थांबावी म्हणून ते अखेरपर्यंत पत्रे लिहीत आणि माणसे जोडीत राहिले. ३० मे १९६४ रोजी ते वारले. त्याआधी तीन वर्षे, १९६१ साली, त्यांचे एक पुस्तक निघाले, ‘द व्हॉइस ऑफ द डॉल्फिन्स’. ते शास्त्रीय निबंधांचे नव्हे, कथांचे पुस्तक आहे. ज्याला एका कादंबरीने धोक्याची जाणीव दिली, त्याने उतारवयात लोकांना सावध करण्यासाठी कथाच लिहावयास घेतली. कथा छापावयास त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

उद्या पुन्हा दहावीच्या वर्गावर माझा तास आहे.